इतिवृत्त

सभेची नोटीस मीच टंकली.
विषय क्रमांक एक : मोफत विधी सेवेत सुधारणा,
संबंधित घटकांचा सहभाग.
घटकांची यादी मागच्या फाइलीतून उचलली :
बार संघाचे अध्यक्ष, तहसीलदार, ठाणेदार, गटविकास अधिकारी,
असे एकूण अकरा.
चहाही अकरा सांगितला.

नव्या मॅडमनी खाली हिरव्या शाईनं एक ओळ वाढवली :
ज्यांना आपण वकील दिला, त्यांच्यातले तिघं.
सव्वीस वर्षं झाली मला गंगाखेडच्या कोर्टात,
ही ओळ कुठल्या रकान्यात बसवायची
कळेना.

तिघंही वेळेआधी आले.
साहेब लोक नंतर.

हलीमाबी दाराजवळच्या खुर्चीत टेकली अर्धीच.
म्हणाली, बोर्ड हय बोलते, पर झेराक्सवाले के पीछे हय.
फुकट का फारम मेरे कू उसीच ने दिया,
पचास रुपये लेके.
सगळे हसले.
मी मान खाली घालून लिहिलं :
फलक दर्शनी भागात लावावा.

दगडू काळे उभाच राहिला, बस म्हटलं तरी.
भाऊ परभणीच्या जेलात, अकरावा महिना.
वकिलाचं नाव पाठ हाये सायेब, तोंड न्हाई बगितलं.
हितंच बसलेत म्हणं.
कोनते ते, दाखवा की.

पंख्याचा तेवढा आवाज.
मग देवशटवार वकिलांचा हात
कोपरापर्यंत वर आला.
तरुण माणूस. म्हणाले, चूक आहे माझी.
पण परभणीला जायचं यायचं भाडं
मी दोन वर्षं खिशातून भरतोय.

मी पेन टेबलावर ठेवलं.
त्यांची तीन बिलं
माझ्याच कपाटात होती, खालच्या फळीवर,
एका सहीवाचून.
हे कुणी विचारलं नाही.
म्हणून मीच सांगितलं.
ठाणेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं
की जणू खुर्चीच बोलली.

कौशल्या फड शेवटी बोलली.
डोंगरपट्ट्यातून पहिल्या जीपनं आलेली,
पोटगीचा दावा, दुसरं वर्ष.
वकील दिला, खोटं कामून बोलू.
पर तारीख कुनी सांगितली न्हाई.
दोन बारी आले, दोन्ही बारी तारीख होऊन गेलती.
बाकड्यावर बसून भाकर खाल्ली
अन् गेले माघारी.

तहसीलदार म्हणाले, फोन जातो की प्रत्येकाला.
मी रजिस्टर काढलं. जातो. गेलेलाही आहे,
चार वेळा, माझ्याच अक्षरात नोंद.
नंबर मोठ्यानं वाचला.
बाई म्हणाली, ह्यो तर मपल्या दिराचा.

म्हणजे आम्ही तारीख कळवत होतो,
नेमानं, न चुकता,
विरुद्ध पक्षाच्या ओट्यावर.

चहा आला. अकराच.
मॅडमनी आपला कप हलीमाबीकडे सरकवला,
देवशटवारांनी आपला दगडूच्या हातात दिला.
कौशल्याबाईंनी माझा घेतला
आणि बशीत अर्धा ओतून मला परत केला.

रात्री इतिवृत्त लिहायला बसलो.
लाभार्थ्यांशी संपर्कात सुसूत्रता आणण्याबाबत
सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते,
एवढं लिहिलं आणि खोडलं.
मग लिहिलं जसं कानावर पडलं तसं,
भाकर, बाकडं, दिराचा नंबर,
कपाटातली खालची फळी.
सकाळी मॅडमनी सही केली. एकच शब्द दुरुस्त केला :
लाभार्थीच्या जागी पक्षकार.

झेराक्सवाला आता बोलत नाही माझ्याशी.
दगडूच्या भावाला वकील भेटले, जामिनाचं अजून नक्की नाही.
दोन बिलं निघाली, तिसऱ्यावर शंका आलीय वरून.

कौशल्याबाईंचा नवा नंबर
त्यांच्या गल्लीतल्या शिलाईवालीचा आहे.
चारनंतर लावा, तवा लाइट असती, म्हणाल्या होत्या.
आज चार वाजून पाच मिनिटांनी लावला.
पलीकडे मशीनची टकटक. मग थांबली.
धरा हं, हाक मारते, असं कुणीसं म्हणालं.

मी धरून आहे.