ताणकाटा

तेरा जण जाळं ओढतात
आणि तेरा जणांचं बळ लागत नाही,
हे मला रजिस्टर लिहिताना सुचलं.
मी मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी, दहावी पास.
हजेरी, किलो, वाटे माझ्याकडे.

मासोळी तोलायचा लटकता काटा
एका सकाळी मी दोराला बांधला.
म्हटलं, एकेकानं ओढा.
फागो वलथरे, एकेचाळीस.
बुधाचा पोरगा, रात्रीचा जागलेला, छत्तीस.
म्हातारा झिबल अडतीस!
पाळीवरच्या बाया हसल्या.

मग म्हटलं, तिघं मिळून.
एकशे पंधरा व्हायला पाहिजे होते.
काटा ब्याण्णववर थांबला.
तेवीस किलो कोणी खाल्ले?
ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या हाताकडे पाहिलं.
खोटं कोणीच बोलत नव्हता,
तिघांच्याही मानेच्या शिरा फुगलेल्या.

सगळ्यांचे आकडे मी नावापुढे लिहिले.
सर्वांत खाली अंताराम दिघोरे : एकोणीस.
सभेत ठरलं, त्याला अर्धा वाटा.
तो काही बोलला नाही.
कानामागची बिडी काढली,
पाहिली,
परत कानामागे ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही.
आम्ही बारा जण असे ओढत होतो
की काटा असता तर खूश झाला असता.
मधोमध बुडालेल्या खुंटाला जाळं अडलं,
कुणी थांबेना,
खालचा दोर चिखलातून उचलला गेला
आणि त्या फटीतून रोहू निघाले,
शाळा सुटावी तसे.

तेव्हा कळलं,
अंतारामचे हात दोरावर नावापुरते असायचे.
तो पायानं खालचा दोर चिखलात दाबत यायचा.
तळ्यातले सगळे खुंट
त्याच्या तळव्यांना पाठ होते.
रिकामं जाळं झटकत फागो म्हणाला,
"आता पायाले काटा बांधतेस का गा, सेक्रेटरी?"

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो.
तो जेवत होता. बायकोनं पाण्याचा गडवा पुढे केला.
एकोणीसचा विषय
त्यानंही काढला नाही, मीही नाही.

काटा आता फक्त मासोळी तोलतो.
एक गोष्ट मात्र रजिस्टरात नाही :
त्या सकाळी आकडे मी वाचत होतो,
माझा कोणी वाचला नाही.

पण मला ठाऊक आहे.
झिबल हाक घालतो, आम्ही ओढतो,
हाक संपते,
आणि पुढची निघेपर्यंत
माझा हात जरासा सैल पडतो.

दोर तेव्हाही ताठच असतो.