पाच नऊ नऊ

पोंक्षे सेक्रेटरींनी गच्चीच्या दाराला पाटी लावली:
येथे कपडे वाळत घालू नयेत. कारण विचारू नये.
म्हणून मी दोरी बांधली आणि कपडे घातलेच नाहीत.
वीस मीटर तांब्याची तार,
टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत.
चार वर्षं झाली. पोंक्षे येताजाता तिच्याकडे बघतात,
रिकाम्या दोरीला कुठला नियम लावावा
हे त्यांचं अजून ठरत नाही.

नवशिक्यांना मी हीच दोरी दाखवते.
म्हणते, ही वाहक लहर समजा.
आवाज पाठवायचा तर तिच्यावर ओले कपडे टाकायचे,
चादरीपाशी झोळ जास्त, रुमालापाशी कमी.
पलीकडचा माणूस झोळ मोजतो आणि म्हणतो,
हां, बाई बोलतायत, सर्दी झालीय.
मोर्सला कपडे नाहीत.
दोरी आहे. दोरी नाही. दोरी आहे.

तरी त्यात माणूस ओळखू येतो.
शिमला ऑफिसात बत्तीस वर्षं मी कानाने आकडे घेतले,
पारा, वारा, आभाळ आठात किती झाकलंय,
आणि पहिल्या चार अक्षरांत सांगायचे
आज वेरावळला कोण बसलंय, जेवलाय की नाही.

खुटवडांना मी दोनदाच पाहिलं.
एकदा जुन्या बाजारात, बुधवारी,
एकाच पितळी कीवर दोघांचे हात.
फौजेत सिग्नल्सला होते. खटका एकदा दाबून पाहिला,
मग हात काढून घेतला:
"तुम्ही घ्या. तुमचं मनगट मोकळंय."
दुकानदाराने लगेच भाव दीडशेने वाढवला.
दुसऱ्यांदा त्यांच्या नातीच्या लग्नात.
तिथे समोरासमोर काय बोलावं ते दोघांनाही सुचेना.

रोज रात्री सव्वादहाला, सात मेगाहर्ट्झवर,
ते दिघीहून, मी पर्वतीच्या पायथ्याहून.
मधे सगळं पुणं: लिफ्टच्या मोटारी, मिक्सर,
कुणाच्या तरी एलईडी माळेची करकर.
विशेष काही नसतं. पाणी आलं. गुडघा. डाळ लागली.
शेवटी ७३, म्हणजे रामराम.

७३च्या पोटात सहा डिट असतात.
आषाढात त्यांचे सात झाले.
मी म्हटलं, लिफ्ट असेल.
दिवाळीत नऊ.
संक्रांतीला त्यांनी चहा पाठवला,
त्यातल्या एचचे चार डिट पाच झाले,
आणि चहात पाचाचा आकडा पडला.
घरी कुणाच्या ध्यानात आलं नसावं,
कप अजून बशीत नीट बसत असणार.

आमच्यात रिपोर्ट द्यायचा असतो:
वाचता किती येतं, जोर किती, सूर किती.
मी रोज दिलं पाच नऊ नऊ. पैकीच्या पैकी.
लॉगबुकात एवढं एकच खोटं,
पण ते रोजचं, शाईने, तारीख घालून.

परवा म्हणाले, मुलगा माइक आणतोय,
आता आवाजावर या म्हणतो.
मग थांबले.
मग: खरा रिपोर्ट द्या.

पितळ हाताला गार लागलं.
मी पाठवलं, तीन नऊ नऊ.
म्हणजे, जोर पूर्ण आहे, सूर स्वच्छ आहे,
वाचायला कष्ट पडतात.

बराच वेळ नुसती खरखर.
मग एच, आय.
आमच्यात ते हसणं. चार डिट, दोन डिट, डा एकही नाही.
मराठीत वाचलं तर हाय.
डिट येत राहिले,
सहा, अकरा, एकोणीस, मी मोजायचं सोडलं.
हसत होते, की हात थांबत नव्हता,
हे सांगणारं चिन्ह मोर्समध्ये नाही.

लॉगबुकात वेळ लिहिली, दहा अडतीस.
रिपोर्टचा रकाना अजून कोरा आहे.