शेड नंबर

पुण्याहून लेकीनं पार्सल धाडलं.
आत एक जाडजूड वही, पानापानावर प्राणी,
मोठ्या माणसांनी रंगवायचे म्हणे.
पत्र्याच्या डबीत चोवीस पेन्सिली,
एक शार्पनर, आणि चिठ्ठी:
नायना, डॉक्टर म्हणाले तसं
बोटं हलती ठेवा.

बोटांना काय सांगायचं नवीन.
एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या डाईंगमध्ये
सुताच्या लडी बुडवल्या, पिळल्या, वाळत टाकल्या.
निळा हौदातून निघायचा तेव्हा निळा नसायचाच,
पिवळट हिरवा, आजारी माणसासारखा,
वारं लागलं की श्वास घेतल्यागत निळा व्हायचा.
ते बघण्यात माझी जेवणाची सुट्टी जायची.
बाकी रंगांत माझं मत कुणी विचारलं नाही.
वरून कागद यायचा: शेड चारशे बारा, साठ किलो.
चारशे बारा म्हणजे चारशे बारा.
त्याचा मोर होणार का गुलाब,
ते मागावरच्यांना माहीत.

पहिल्या पानावर घुबड.
राजव्वा म्हणाली, घुबड आणलंत घरात, तेही पैसे मोजून?
दुसऱ्यावर हत्ती, अंगभर वेलबुट्टी,
जणू आपलीच जेकार्ड चादर पांघरून उभा.
त्याच्या पाठीमागे कासव, मग कोल्हा,
मग आठ हातांचा समुद्रातला तो कोण.
नान्नजचा माळढोक नाही यात.
तसा तो नान्नजलाही नव्हता.
कारखान्याची सहल गेली होती तेव्हा
दिवसभर गवत बघून, चिवडा खाऊन परत आलो.

चार दिवस वही उघडली, मिटली.
टोक काढून काढून हिरवी पेन्सिल निम्मी झाली.
पांढऱ्या कासवासमोर बसायचो
आणि वाटायचं, कागद कसा आला नाही अजून वरून.

मल्लेशम आला.
"काय बे, नातवाचं दप्तर उघडून बसलास?"
खिशातला स्केचपेन काढला त्यानं,
विचारलं नाही, पुसलं नाही,
हत्तीचा कान लाल करून मोकळा.
लाल पलीकडे फुटला,
कासवाच्या पाठीवर ओला डाग.
"कच्चा रंग!" मी ओरडलो.
दोन वर्षांत एवढ्या मोठ्यानं बोललो नव्हतो.
मग त्याला समजावत बसलो,
कागद रंग कसा पितो, मेण वरच कसं बसतं,
हलक्या हातानं थर द्यायचे, दाब शेवटी,
घाई केली की कागद चकाकतो
आणि पुढचा रंग घेतच नाही.
दोघांचा चहा गार.

रात्री लाईट गेली, आली.
डाग तिथंच.
झाकायचा तर गडदच काहीतरी पाहिजे.
राजव्वा कात्रीनं विडीची पानं कापत होती.
विचारलं तिला, कासवाला कुठला देऊ?
"तुमच्या नखातला," म्हणाली, मान खालीच.
"लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला
नखात घेऊन आला होतात.
माझ्या नव्या पातळाला लागला.
किती धुतलं.
अजून आहे."

मरून तो. दोनशे सत्तर.
चोवीसांत नाही.
खाली तपकिरी दिला, वर लालचे दोन हात,
निळ्याचं टोक नुसतं टेकवलं,
वजनकाट्याशिवाय, अंदाजानं,
बोटं थरथरत होती तरी.
एक घर भरलं.
पाठीवर अजून चाळीसेक घरं रिकामी.

ती पदरानं चष्मा पुसून वाकली.
"एवढा गडद नव्हता."

असेल.
मला तो ओला असतानाचा आठवतो,
तिला वाळल्यावरचा.