आधी कागद

सीताबर्डीत दुकानदाराने काचेवर तीन मांडले
आणि तिन्ही खोक्यांवर एकच समुद्र,
निळा, कासवासकट.
मी विचारलं, चहाच्या रंगाच्या पाण्यात चालेल का?
तो म्हणाला, मॅडम, कोणत्या बेटावर जाणार?
मी म्हणाले, खैरबोडी. साकोलीच्या पुढे.
त्याने खोकं थोडं बाजूला सरकवलं.

तारकर्लीला मी चार दिवस शिकले
पाठीवर टाकी घेऊन श्वास मोजायला.
तिथे स्वतःची बोटं दिसायची,
बोटांची सावलीसुद्धा, वाळूवर.
आमच्या तलावात हात लांब केला
की कोपरापुढचा हात संस्थेचा.

संस्थेच्या ठरावात बावीस हजार.
बायांनी दोन उन्हाळे तळ नांगरून
चीला लावला, गाद लावली, चिऊल,
मुठीमुठीने, रोवणीसारखी.
आता पाण्याखाली काय जगलं ते त्यांना पाहायचंय.
तुरजाबाईला फोटो हवा
मुळापासून शेंड्यापर्यंत, लग्नातल्यासारखा.
देवला मामी म्हणते, व्हिडिओच घे,
मासोळी काय थांबते, पदर सावरून?
फगनू काका काहीच म्हणत नाही.
तो पायांनी पाहतो.
डोंग्यातून गळ्याएवढ्या पाण्यात उतरून
एक पाऊल टाकतो अन् सांगतो,
इथं राजोली. इथं दगड.
इथून आत्ताच मरळ उठून गेली.

पहिला कॅमेरा साठ मीटर जातो म्हणे.
आमचा तलाव भरल्या भादव्यातही
तुडुमापाशी दोन पुरुष.
उरलेलं पाणी मी कुठून आणू?
दुसऱ्याचा फ्लॅश मोठा.
पण गाळ उजेडाला भुलतो, कण न् कण पेटतो,
फोटोत नुसता कोंडा उडतो, राइस मिलमधल्यासारखा.
तिसरा पिवळा, बुटका, साबणाच्या डबीएवढा.
बटणं मोठी,
भिजून सुरकुतलेल्या बोटांना चाचपून सापडतील अशी.
दूरचं त्याला धड दिसत नाही.
पण दोन बोटांवरून पाहतो,
तांदळातला खडा पाहावा तसा.
हाच द्या, म्हणाले.

पेटीचे साडेचार हजार वेगळे.
ते ठरावात नव्हते.
शिंगाड्याच्या पैशातून घातले,
आईला अजून सांगितलेलं नाही.

पेटीच्या कडेला काळं रबर, राखीच्या दोऱ्याएवढं.
त्यावर एक केस राहिला,
धानाचं एक कुसळ राहिलं, की तलाव आत येतो.
म्हणून सोबतच्या पुस्तकात लिहिलंय,
आधी कॅमेरा घालू नका. कागद घाला.
बुडवा. थांबा.

काकाने पेपरचा तुकडा फाडला, स्वतः घडी घातली.
रिकामी पेटी बुडेचना,
तेव्हा जाळ्याच्या शिशाच्या गोट्या बांधल्या तिला
आणि तुडुमाजवळ सोडली.
अर्धा तास पुरे, मी म्हणाले.
"अर्ध्या तासात पाण्याले का समजते?
रातभर राहू दे."

रात्री दोनदा पाळीवर गेले.
दोन्ही वेळा तो तिथेच,
विझलेली बिडी,
दोर पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेला.
"काही लागलं?"
"एक घासून गेली. शिंगूर असन."

पहाटे काढली. बाया गोळा झाल्या.
लुगड्याच्या पदराने कुणी पुसू नका, म्हणाले,
तरी देवला मामीने पुसलीच.
खटका उघडला.
कागद कोरडा.
धानाचा भाव होता तसाच,
तिसऱ्या ओळीत, कमीच.
तुरजाबाईने दोनदा वाचला, म्हणाली,
"यालेच भिजवाचं होतं."

हसू ओसरलं तोवर काका पाण्यात होता,
गळ्यापर्यंत, डोळे मिटून,
तळाशी काहीतरी शोधत.
मग थांबला.
"ये. इथं."
आणि पिवळी डबी हातात धरून मी
त्याच्या पायांपाशी खाली गेले.