एक्केचाळीस सेकंद

तो टेबलावर पालथा पडतो आणि टेबल कुरकुरतं.
ब्याऐंशी किलो. काल एक्क्याऐंशी होता.
म्हणजे नीट जेवतोय, की अंगानं नुसतंच पाणी धरलंय,
ते माझ्या अंगठ्यांनी ठरवायचं.

सतरावा दिवस. पिरेनीजच्या पायथ्याचं हॉटेल,
खिडकीखाली ट्रक, दारात ओल्या जर्सींची पिशवी
आणि हातांखाली सेप लाग्रूच्या मांड्या,
ईपरच्या एका खाटकाच्या मुलाच्या,
चौथ्या दिवशी ज्यांच्यासाठी त्याचं अख्खं गाव
बिअरचे ग्लास आपटत होतं.

त्या दिवशीचं काम होतं बारा सेकंदांचं.
सर्दी झाली की मी याहून जास्त वेळ शिंकते.
चार तास तो दुसऱ्यांच्या पाठींआड वाऱ्यापासून लपला,
आणि शेवटच्या दोनशे मीटरला
हँडल असं पिरगाळलं की वाटलं, आता उपटून हातात येतं.

डोंगराला काय त्याचं.
आज चार घाट.
बासष्ट किलोची पोरं शेळ्यांसारखी वर निघून गेली
आणि हा, लहानपणी बापाच्या दुकानात
अर्धा बैल खांद्यावरून आत न्यायचा ना, तसा
स्वतःलाच वाहत राहिला, वळणामागून वळण.
मागे झाडूगाडी, पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत.
जिंकणारा पोचला की मोजणी सुरू होते:
अडतीस मिनिटं.
एकोणचाळिसाव्याला आलास तर चौथा दिवस तुझाच राहील,
पण उद्याची सकाळ नाही.

पुढे ओइहान होता. तो इथलाच, बास्क.
तिसऱ्या घाटावर त्याची माणसं
रस्त्याकडेला सूपचं पातेलं घेऊन उभी होती.
त्यानं नुसती मान हलवली.
एकटा असता तर केव्हाच वर पोचून आंघोळ करून बसला असता.
त्याऐवजी दर मिनिटाला मागे न बघता आकडा सांगत होता:
तीनशे दहा. तीनशे दहा. वीस नको, सेप, दहा.

गाडीतून दिलेली बाटली सेपनं जरा जास्तच वेळ धरली.
दोन सेकंद. तीन.
पंच मेंढ्यांकडे पाहत होते.
मग एका कठड्याशी तो ओकला, पॅडल न थांबवता,
आणि तोंड पुसलं हातमोज्यानं.
ते हातमोजे मी आत्ताच धुतले.

पोचला तेव्हा कमानीचे दोर सोडत होते.
एक्केचाळीस सेकंद राखून.
कोणी फोटो काढला नाही.
मी कोक दिला, तो हातातच राहिला,
बोटं मिटत नव्हती.

आता गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला
सुपारीएवढी गाठ लागते. दाबते.
तो उशीत काहीतरी म्हणतो. फ्लेमिशमधली शिवी असावी,
माझ्या आईची आठवण येईल अशी.
मग विचारतो, "रविवारी सपाट आहे ना, लिस्बेत?"
"सपाट," मी सांगते, "टेबलासारखा."
मधल्या पाच घाटांचं काही बोलत नाही.
त्यालाही ते पाठ आहेत.

त्याला झोप लागते. डावी पोटरी मात्र
अजून उडते, थांबते, उडते,
अजून कुठल्यातरी वळणावर आहे.
मी तिच्यावर तळवा ठेवून उभी राहते.
माझे अंगठे रात्री मला बर्फात बुडवावे लागतील.

दारात ओइहान. खांद्यावर टॉवेल,
कधीपासून उभा आहे कोण जाणे.
"अरे, बसून घे की," मी म्हणते.
"बसलो तर उठायचा नाही," तो म्हणतो
आणि चौकटीला टेकतो.