एक रेघ राहिली

पिंपळगावच्या वाटेवर, निमसेंच्या मळ्यात
मांडवाची तार पाहिली आणि अक्षर सुचलं.
तार केसाएवढी. खाली घड,
उन्हाने भरत चाललेले, जड.
म्हटलं, शिरोरेषा अशी ओढावी
आणि दंड असे सोडावेत तिच्यावरून
की वाचणाऱ्याला वजन कळावं,
ताण दिसू नये.

दोन वर्षं गेली.
सिडकोतल्या खोलीत, पंख्याखाली
'क'चं पोट फुगवलं, 'ल'ची पाकळी खुडली,
'श'च्या गाठीत एक अख्खी दिवाळी गेली.
द्राक्षाची विरळणी करतात ना, कात्रीने,
तसं आतलं पांढरं मोकळं करत गेले.
जाड रेघ एकशे चाळीस, बारीक अकरा.
ती अकरा स्क्रीनवर अशी चमकायची,
जरीच्या काठातला सुटलेला एकच धागा.

मग अक्षर कामाला लागलं.
गंगापूर रोडला बाटलीच्या लेबलावर बसलं,
सराफ बाजारात पितळेच्या पाटीत कोरून घेतलं,
पैठणीच्या दुकानाने पिशव्यांवर छापलं,
साडी नेसून झाली तरी बायका पिशवी घडी घालून ठेवतात म्हणे.
एका दातांच्या डॉक्टरने तर
'दुखणार नाही' एवढंच लिहून घेतलं, भिंतभर.
मी मान वर करून चालायचे तेव्हा,
खड्ड्यांचं भान नव्हतं.

तांबट लेनमधले खैरनार काका,
चाळीस वर्षं खिळे जुळवलेले,
नमुन्याचा कागद उजेडात धरून म्हणाले,
"देखणंय. पण ही रेघ उपाशी आहे.
हलका कागद, घाईचं मशीन, मरेल यात."
मी चहा मागवला. विषय बदलला.

फेब्रुवारीत मोतीराम कुऱ्हाडे आले.
ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते.
पिशवीत पत्रिकांचा गठ्ठा,
स्वस्तातली छपाई, गुलाबी कागद, अक्षर माझं.
बोलले नाहीत. नुसतं बोट ठेवलं:
'कुहाडे परिवाराचे सप्रेम निमंत्रण.'
'ऱ्ह'मधला तो अर्धा र,
कोयरीच्या देठाएवढा बाक,
कागदाने गिळला होता.
खाली 'दुसया दिवशी सत्यनारायण'.
तिथेही.

"साडेतीनशे आहेत," म्हणाले. "पोरगी रडतेय.
आडनाव बदलायला अजून आठ दिवस आहेत तिला."

पुन्हा छापू म्हटलं, पैसे मी देते.
त्यांनी टेबलावरचं बॉलपेन उचललं,
चष्मा कपाळावरून खाली घेतला
आणि फिटरच्या हाताने, श्वास धरून,
एकेका पत्रिकेत रेघ घातली.
मीही बसले. माझ्या रेघा सुबक आल्या.
त्यांच्या जरा जाड, शेवटाला झुकलेल्या,
पण हात लांब करून धरलं तरी
कुऱ्हाडे ते कुऱ्हाडेच.

एक पत्रिका मागून घेतली.
छोट्या आकारासाठी अक्षर वेगळं कापलं,
बारीक रेघ अठ्ठावीस,
आणि 'ऱ्य'त, 'ऱ्ह'त त्यांचा बाक,
झुकलेला, जसाच्या तसा.

काकांना दाखवायला गेले तर प्रेसला कुलूप.
शेजारी तांब्यावर ठोके चालू.
नमुना शटरखालून आत सरकवला,
सगळा आठ पॉइंटात:
दऱ्या, कोऱ्या, दुसऱ्या, कुऱ्हाडे.
मागे पेन्सिलने लिहिलं,
काका, रेघ जेवली.