पहिली पाळी

तासगावच्या सौद्यात मी बेदाणा पारखतो.
पिवळ्याधमक रंगावर जात नाही,
गंधकाची धुरी दिली की कुणीही उजळतो.
एक दाणा दाताखाली, एक बोटांत चुरून,
मग आकडा.
पंचवीस वर्षांत चुकलो नाही असं नाही,
पण चुकलो ते पैसे दुसऱ्याचे होते.

माणसांचा सौदा रविवारी,
पंचायतीच्या सभागृहात, खाली सतरंज्या.
जिल्ह्याचा नियम, छापील, एका वाक्याचा:
मोकळा झालेला तयार गडी घ्याल
तर नव्या पोरांतली पहिली पाळी सोडाल.
बाबगोंडांनी तो तीनदा वाचला,
जणू तिसऱ्या वेळी त्यातून पळवाट निघणार होती.

एका हाताला हणमंत सलगर.
एकतीस वर्षं, उजवा कोपरा,
पुण्याच्या संघानं करार न वाढवता सोडलेला.
त्यानं घोटा धरला की सुटत नाही म्हणतात.
जिना उतरताना तो कठडा धरतो,
हे मी एकट्यानं पाहिलं होतं.

दुसऱ्या हाताला सावळजचा इर्शाद मुलाणी.
सतरा. छाती अजून भरायचीय.
चाचणीला भावाचे बूट घालून आला,
दोन नंबर मोठे, पुढं कागद कोंबलेला.
तिसऱ्या चढाईआधी ते काढून फेकले
अन् अनवाणी शिरला.
दम असा लांब की पंचांनी घड्याळ हलवून बघितलं.

"पोर घेऊ," मी म्हणालो, "दोन वर्षं थांबू."
"वर्गणीदार थांबतील काय?" बाबगोंडा म्हणाले,
"यंदा खालच्या गटात गेलो
तर दोन वर्षांनी त्याला खेळवायचं कुठं, माझ्या अंगणात?"
त्यांचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत.
हिरव्या घडाला आजचा भाव नसतो
हे मीच सगळ्यांना सांगत आलोय.

मी सही केली.
पहिली पाळी इस्लामपूरकडं गेली.
त्यांनी नाव घ्यायला श्वासाएवढाही वेळ लावला नाही.
पोरगं उठलं, आमच्या सतरंजीवरून त्यांच्या सतरंजीवर,
आठ पावलं असतील.
जाताना माझ्याकडं बघून हसलं.
रागावलं असतं तर बरं झालं असतं.

सलगरनं पैसे वसूल करून दिले.
कवठ्याला चार पकडी, विट्याला सहा.
बाबगोंडांनी पेढे वाटले, मला एक जास्त.

मग पलूस.
मॅटवर दिवे, दिव्यांवर किडे,
अन् इर्शाद चढाईला, आता बूट मापाचे.
कोपऱ्यात सलगर वाकून, गुडघ्याला पट्टी.
पोरानं बोनसच्या रेषेपलीकडं पाय सरकवला
अन् घोटा गेला.
शिट्टी. आमचा गुण.
मी उठून तळवे लाल होईपर्यंत टाळ्या पिटल्या.

ढीग उठला. सलगर उठला नाही.
घोटा अजून त्याच्या हातात.
अंगठ्यानं टाचेच्या वरची शीर चाचपली,
मी दाणा चाचपतो तशी,
अन् पोराला काहीतरी बोलला.

मध्यंतरात मी गाठलंच. काय सांगितलंस?
"टाच आदी उचलतंय ते. कळतंय लगीच.
सांगून टाकलं."
अरे, समोरच्या संघात हाय तो!
"व्हय की," म्हणाला,
अन् बर्फ मागितला.

उत्तरार्धात टाच उचलली नाही पोरानं.
दोन गुणांनी गेलो.

गाडीत बाबगोंडा वही काढून बसले:
मानधन, पट्ट्या, बर्फ, डिझेल.
मला विचारत होते, मी हो हो म्हणत होतो.
मणेराजुरीपर्यंत कुणी बोललं नाही.
मागच्या बाकावर सलगर झोपलेला,
पाय लांब करून, तोंड उघडं.

खिशात हात गेला तर
सकाळच्या नमुन्यातला एक बेदाणा शिवणीला चिकटलेला.
उजेडात धरला नाही.
चुरलाही नाही.
खाल्ला.